हेमराजने घरी पाणी उचलायला लावलं, तेव्हाची गोष्ट

हां, तर हेमराज लोटा घेऊन भटूच्या ओट्यावर चढला होता, इथपर्यंत काल आलो होतो आपण. मग कोणीतरी चहा आणला, विषय केळीच्या घडांवर गेला आणि खरी गंमत राहूनच गेली. गंमत तरी कशी म्हणू? मी इतकी वर्षं या गावात काढली, पूर पाहिले, वाघ पाहिला, पण त्या सकाळी जसा हादरलो तसा कधी हादरलो नव्हतो.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो.

हेमराज चुनीलाल पाटील. माझ्याहून पाच-सात वर्षांनी धाकटा. गाव आमचं तापीकाठचं, शहाद्याला जायचं तर लोणखेड्यावरून जावं लागतं. केळी, ऊस, थोडी मिरची. हेमराज दिसायला काही विशेष नाही. उंची बेताची, मान आखूड, कानावर केस. पण आवाज! त्याने आपल्या बांधावरून बैलाला हाळी दिली की तापीपलीकडचे बैल थांबतात, असं आम्ही म्हणतो. थोडं वाढवून म्हणतो, पण फार नाही. निवडणूक आली की ट्रॉलीवर उभा राहून घोषणा द्यायचा मान त्याचाच. लाउडस्पीकर आले तरी पॅनेलवाले म्हणायचे, "बॅटरी उतरी जास, हेमराज उतरस नही."

बोलणं सगळं असं अहिराणीतच झालेलं आहे बरं का. सांगताना मी ते बरंचसं शाळेच्या मराठीत ओततो आहे. काही वाक्यं मात्र जशीच्या तशी ठेवतो, कारण ती हलवली तर सांडतील.

आता पॅनेल. आमच्या गावात दोन पॅनेलं. एक वरल्या गल्लीचं, एक खालच्या गल्लीचं. नावं दर वेळी नवी असतात, परिवर्तन काय, विकास काय, चिन्हंही बदलतात, पण माणूस विचारतो ते एकच, "वरला का खालचा?" ग्रामपंचायत त्यावर ठरते, सोसायटी त्यावर ठरते, आणि दिल्लीत कोण बसावं हेही त्यावरच ठरतं. वरली गल्ली ज्याला शिव्या देईल त्याला खालची गल्ली हार घालणार. आणि हे वरले-खालचे झाले कसे, हे शोधत गेलात तर कुठल्यातरी लग्नाच्या मांडवात जाऊन पोचाल.

हेमराजचंच बघा ना. त्याचे वडील चुनीलालभाई, मोठा सरळ माणूस. राहायला खालच्या गल्लीच्या तोंडाशी आणि मनानेही तिकडचेच. एकदा त्या गल्लीत लग्न होतं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. चुनीलालभाई पंगतीत बसले, शेजारी लहानगा हेमराज. बट्टी कुस्करली, वरण ओतलं, मधे आळं केलं आणि तुपाची वाट पाहत बसले. तूपवाला रांगेने येत येत अगदी त्यांच्या शेजाऱ्यापर्यंत आला, तपेलीत वाकून पाहिलं आणि माघारी फिरला. चुनीलालभाईंनी वाट पाहिली. लोक जेवायला लागले. तरी हे वाट पाहतायत. मग भरल्या ताटावरून उठले, पोराचं बोट धरलं आणि तडक वरल्या गल्लीत जाऊन बसले. ते कायमचेच.

तूप संपलं होतं हो! दुसरं काही नव्हतं. दुसरा डबा फोडायला तो माणूस आत गेला होता. हे पुढे चुनीलालभाईंनाही कळलं. मी स्वतः विचारलं होतं त्यांना, "मग परत का नाही गेलात?" तर म्हणाले, "अरे, ताटावरून उठलेला माणूस परत कुठल्या तोंडाने बसेल?" आणि पोरगं मागे वळून वळून त्या बट्टीकडे बघत गेलेलं. हेमराजचं राजकारण तिथून सुरू झालं. पुढे तो शेतकऱ्यांच्या हक्कावर बोलायला लागला, पाटाच्या पाण्यावर बोलायला लागला, तासतासभर बोलायचा आणि खरंही बोलायचा. पण पाया म्हणाल तर तो.

हसू नका. तुमचाही असाच कुठेतरी असणार. आमच्या गावात एकच माणूस मी पाहिला की ज्याला पाया नव्हता, तो चांदमलशेठ. बाजारपेठेतला किराणावाला, आजा राजस्थानातून आलेला. दोन्ही पॅनेलांची कॅलेंडरं त्याने एकाच खिळ्याला टांगलेली. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत योग्य ते कॅलेंडर वर आलेलं असायचं. एकदा दोन्ही गल्ल्यांचे लोक एकदम दुकानात शिरले, तर शेठने खिळाच उपटला!

असो. लोट्याकडे येतो.

आमच्याकडे मतदानाच्या आठवड्यात पाणी उचलायची रीत आहे. वरल्या गल्लीची तरी आहे. पॅनेलचा माणूस पहाटे तापीवर जातो, तांब्याचा लोटा भरून आणतो, तोंडावर केळीचं पान बांधतो आणि दारोदार फिरतो. घरातल्या कर्त्याने ओंजळीत पाणी घ्यायचं आणि म्हणायचं, "तापीमायनी आन, मत पॅनेललेच." एकदा तापीचं पाणी हातात घेऊन बोललात की संपलं. कोणी खोटी शपथ घेत नाही. न घ्यायची असेल तर त्या दिवशी माणूस शहाद्याला दवाखान्यात जातो, पण खोटी घेत नाही.

हा लोटा फिरवायचं काम हेमराजचं. त्याच्यासारखं पाणी कोणी द्यावं! समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा आणि तो आवाज थोडा खाली आणून म्हणायचा, "बोल." भलेभले बोलायचे.

तर गेल्या ग्रामपंचायतीला तो भटूच्या ओट्यावर चढला. भटू म्हणजे आमचा केळीवाला, तिरक्या जिभेचा. या वेळी खालच्या गल्लीकडे झुकलाय असा बोभाटा होता, म्हणून मुद्दाम आम्ही दहा-बारा जण मागे गेलेलो. मी गंमत बघायला.

हेमराज म्हणाला, "भटू, ओंजळ कर."

भटू खाटेवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "आप्पा, सगळा गावले पानी उचलाले लावतस तुम्ही. तुमना घरमा कोनी उचलं का कधी?"

लोक हसले. हेमराजही हसला. "मन्हं घर म्हनजे मीच!"

"तसं नाही आप्पा. भाभींचं मत वेगळं पडतं ना? त्यांची ओंजळ वेगळी. आधी त्यांना उचलू द्या, मग मी दोन ओंजळी उचलतो. हवं तर पितो."

आता हे नुसतं टिंगलीचं बोलणं. हेमराजने "चल हट" म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण मागे आम्ही उभे, खी खी करतोय. त्याची मान आणखी आखूड झाली. म्हणाला, "चाल! तुन्हा डोयाघाई देखी ले." म्हणजे, चल, तुझ्या डोळ्यांनीच बघून घे.

आणि निघाली वरात. पुढे लोटा, मागे आम्ही.

दगूबाई अंगणात गोणपाटावर बसून वाळल्या मिरच्यांचे देठ खुडत होती. दगूबाई म्हणजे हेमराजची बायको. बोलायला मऊ, कामाला वाघीण, आणि तापीची मोठी भक्त. अमावस्येला नदीवर गेल्याशिवाय तोंडात पाणी घेणार नाही. इतके लोक पाहून तिने पदर सारखा केला आणि चहाला उठायला लागली.

हेमराज म्हणाला, "चहा राहू दे. ओंजळ कर. पाणी उचल आणि म्हण."

ती म्हणाली, "मन्हा हात मिरचीना शेतस."

"धुई ले."

ती उठली, हंड्याजवळ गेली. साबण लावला. परत लावला. बोटांच्या बेचक्यांतून चोळलं, मनगटापर्यंत चोळलं. भटू म्हणाला, "भाभी, कातडी निघेल." लोक हसले. मी तंबाखू मळत होतो. बाईमाणूस लाजतंय, एवढंच मला वाटलं.

ती परत आली आणि हळूच नवऱ्याला म्हणाली, "अजितना बाप, राहू द्या ना."

अजित हा त्यांचा मुलगा, सुरतेला असतो. हेमराज म्हणाला, "राहू द्या काय? दोन शब्द आहेत. म्हण आणि मोकळी हो."

"घरातलं घरात बोलू."

"घरातलं काय त्यात? बोल!" आणि त्याने तोच तो आवाज खाली आणला, डोळ्यांत बघितलं.

दगूबाईने हात मागे घेतले. म्हणाली, "माले हाई पानी उचलता येवाव नही. मी वरली गल्लीले मत दिधंच नही कधी."

खरं सांगतो, माझ्या तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. भटू, ज्याने हे सगळं पेटवलं, त्याने टोपी काढून हातात घेतली, जणू कोणी गेलं आहे. हेमराजच्या हातातला लोटा कलला आणि पाणी मिरच्यांवर सांडलं, तेही त्याला कळलं नाही.

त्याने विचारलं, "कधीपाईन?"

"पहिलेपाईन."

पहिल्यापासून! म्हणजे लग्न होऊन आली तेव्हापासून. हा ट्रॉलीवर उभा राहून खालच्या गल्लीचा उद्धार करत होता, "घरभेदी" म्हणत होता, आणि त्याची भाकरी खालची गल्ली भाजत होती! भटूला राहवलं नाही. तो बोटांवर मोजत म्हणाला, "आप्पा, एक वर, एक खाली. म्हणजे तुमच्या घरातून आजवर मत गेलंच नाही की." एरवी हेमराजने त्याला उचलून आपटला असता. या वेळी त्याने भटूकडे लक्षही दिलं नाही. मग खाली मिरच्यांशेजारीच बसला आणि म्हणाला, "का गं?"

मग दगूबाईने सांगितलं. सावकाश, देठ खुडता खुडता. असं की जणू आम्ही तिथे नाहीच.

"नवी होते. सासूबाई शाळेत घेऊन गेल्या. कुठल्या चित्रावर शिक्का मारायचा ते घरूनच शिकवलं होतं. डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत. आत पुठ्ठ्यामागे गेले आणि पदर वर केला, तर कोणी नाही. सासू नाही, नणंद नाही, तुम्ही नाही. या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी एकटी होते. हातात शिक्का. म्हटलं, दुसऱ्यावर मारला तर काय होतं ते बघू. मारला. काहीच झालं नाही. घरी येऊन भाकऱ्या थापल्या. तुम्ही ओरडून ओरडून घसा बसवून आलात, तुम्हाला हळदीचं दूध दिलं."

"आणि खालची गल्ली तुला पटत होती?"

"तेव्हा कुठे? मला त्यांची नावंही माहीत नव्हती. पण दिलं म्हटल्यावर लक्ष ठेवावं लागलं. मी ज्यांना दिलं ते करतात काय, हे बघायला लागले. नदीवर बायका बोलतात ते ऐकायला लागले. काही पटलं, काही नाही. गटारीचं पाणी त्यांनी आपल्याकडे काढलं तेव्हा तर इतका राग आला की जाऊन भांडावं. पण भांडणार कशी? ‘मी तुम्हाला मत दिलं,’ असं त्यांना सांगायची सोय नव्हती."

आधी शिक्का, मग कारण! मनात पाहिलं तर माझंही तसंच. फक्त माझा शिक्का माझ्या बापाने मारून ठेवलेला होता.

ही बातमी पॅनेलप्रमुख उद्धवभाईंकडे पोचायला कितीसा वेळ लागणार? ऊन चढायच्या आत ते मोटारसायकलवरून आले, बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "हेमराज, ज्याला घरातलं एक मत सांभाळता येत नाही त्याने गावाची मतं कशी सांभाळायची? तू इतक्या लोकांना पाणी उचलायला लावलंस, ते आज हसतायत आपल्याला. उद्या सकाळी मंदिरासमोर वहिनी सगळ्यांदेखत पाणी उचलतील. नाही उचललं, तर तुझं घर आम्ही खालच्या गल्लीत मोजू."

शहरातल्या माणसाला यात काय मोठं, असं वाटेल. पण वरल्या गल्लीतून नाव गेलं म्हणजे केळी कापायला टोळी येणार नाही, ट्रॅक्टर मागितला तर नादुरुस्त निघेल, घरात कोणी गेलं तर दारावर बसायला चार माणसं येणार नाहीत. आणि खालची गल्ली तर त्याला कधीच घेणार नाही, एवढ्या शिव्या त्याने दिलेल्या. हेमराजचं सगळं आयुष्य त्या गल्लीत होतं.

दुपारी मी त्याच्याकडे गेलो. मला वाटलं घरात आदळआपट चालली असेल. तर हा खांबाला टेकून बसलेला आणि ती मिरच्या आवरते आहे.

तो मला म्हणाला, "नाना, हिला विचारा, मी घोषणा देताना ही हसायची का?"

दगूबाई आतूनच म्हणाली, "हसत नव्हते. घसा बसायचा तुमचा, तेवढी काळजी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कधी?"

"आता विचारतो. उद्या उचलशील का? माझ्यासाठी?"

ती बाहेर आली. सुपात मिरच्या होत्या, त्या खाली ठेवल्या. म्हणाली, "तुमच्यासाठी मत देईन हवं तर. तुम्ही मागितलं आणि मला पटलं तर देईनही. पण आत गेल्यावर माझा हात कुठे जाईल हे मी आज तापीला कसं सांगू? खोटं निघालं तर? नदी तुमची एकट्याची आहे का?"

मला वाटलं, झालं. उद्या हा तिला ओढत नेणार, नाहीतर माहेरी धाडणार. दुसरा कुठला रस्ता मला तरी दिसत नव्हता. तुम्हाला दिसतो का?

सकाळी मंदिरासमोर सगळी वरली गल्ली. खालच्या गल्लीची पोरं लांब पिंपळाखाली, बघ्यांत. चांदमलशेठही आलेला, दोन्ही गटांच्या बरोबर मध्ये उभा. हेमराज आला. हातात लोटा, पहाटेच भरून आणलेला, तोंडावर ताजं पान. पण एकटाच.

उद्धवभाईंनी विचारलं, "वहिनी?"

"घरी आहे. मिरच्या बाजाराला जायच्यात."

"म्हणजे उचलत नाही?"

"मी आणलीच नाही तिला."

गर्दीत कुजबुज झाली. उद्धवभाईंचा चेहरा लाल. पण माणूस हुशार. ट्रॉलीवरचा आवाज गमावणं त्यांनाही परवडणारं नव्हतं. थोडं थांबून म्हणाले, "बरं. बाई राहू दे. तू तर आमचा आहेस ना? मग तूच उचल सगळ्यांदेखत. तू म्हण, म्हणजे लोकांची तोंडं बंद."

मला हायसं वाटलं. सुटला, म्हटलं. हेमराजला काय, पाणी तर त्याच्याच हातात.

त्याने पान सोडलं. लोटा भटूकडे दिला, कारण आपल्याच ओंजळीत आपण कसं ओतणार? ओंजळ पुढे केली. भटूने लोटा कलवला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या माणसाने गावाला पाणी दिलं, पण याच्या ओंजळीत आजवर कोणी ओतलंच नव्हतं! त्याला कोण विचारणार? तो तर लोटावाला.

पाणी ओंजळीत पडलं. हेमराज त्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले. "तापीमायनी आन," इतकं स्पष्ट ऐकू आलं, त्याचा आवाज कधी अस्पष्ट नसायचाच. आणि पुढे काही नाही. आम्ही वाट बघतोय. उद्धवभाई म्हणतायत, "बोल, बोल." बोटांच्या फटीतून पाणी गळायला लागलं. तो गळू देत होता. शेवटी ओंजळ रिकामी झाली, त्याने ओले हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "नही."

एवढंच. ओरडला नाही. पिंपळाखालच्या पोरांनी शिट्टी मारली, तर त्याने त्यांच्याकडे असं बघितलं की शिट्टी तोंडातच राहिली. उद्धवभाई मोटारसायकलला लाथा मारत राहिले, ती काही सुरू होईना. भटू रिकामा लोटा घेऊन तसाच उभा.

लोक पांगले. कोणी त्याच्याशी बोललं नाही, रामराम नाही, काही नाही. मी मात्र त्याच्यामागोमाग चालत गेलो, कारण मला घरी जाऊन जेवण गेलं नसतं. चावडीपाशी, जिथे रस्ता वर आणि खाली फुटतो, तिथे तो थांबला. मी विचारलं, "हेमराज, मग आता तू कोणत्या गल्लीचा?"

तो म्हणाला, "नाना, इतला वरीस मी बोंबलनू, पन ‘तुले काय वाटस?’ असं माले कोनी इचारंच नही. मी बी कोनले नही इचारं. आते तुम्ही इचारी ऱ्हायनात, तं माले जरा येळ द्या."